वरचा ठोकळा घसरत नाही

सरांना हैदराबादेत आबिड्सच्या एका इमारतीच्या लिफ्टमधून दोनदा बाहेर काढलं होतं, आणि दुसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर होते. पाच मजली जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, स्टुलावर बसलेला लिफ्टवाला. सरांच्या हातात स्प्रिंगचा ताणकाटा आणि त्याच्या आकड्याला अडकवलेलं घराचं भलंमोठं कुलूप. आम्ही तिघं विद्यार्थी कोपऱ्यात अंग चोरून उभे. लिफ्ट वर निघाली की सर ओरडायचे, "काटा बघा, काटा! कुलूप जड झालं!" वर जाऊन थांबायला लागली की ओरडायचे, "आता हलकं!" चौथ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. गाल धरून आलेली माणसं खाली ताटकळत उभी आणि आम्ही आपले वर-खाली, वर-खाली. शेवटी लिफ्टवाल्यानं हात जोडले.

"सार, ये लिफ्ट है. इसकू लॅब नक्को बनाओ. पब्लिक गाली मेरेकू दे रही."

सर निमूटपणे बाहेर आले. रांगेतल्या एका म्हाताऱ्याला म्हणाले, "माफ करा, तकलीफ झाली. पण कुलूप खरंच जड होतं." म्हाताऱ्याच्या तोंडात कापूस होता, म्हणून तो काही बोलला नाही.

हे आठवलं की अजून हसू येतं, आणि हसू आलं की लगेच लाज वाटते. सर दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्याबद्दल हसत हसत बोलायचा हक्क मी गमावला आहे. कसा, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे, पण मला ते एकदम सांगवत नाही. आधी माणूस सांगते.

तेव्हा मी सरकारी डिग्री कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. आजोबा पोटामागे हैदराबादेत आले, वडील सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्सच्या पेपरात आपटले. सूत्रं सगळी तोंडपाठ होती. गणित समोर आलं की कुठलं लावायचं ते कळायचं नाही, मग जे आधी आठवेल ते लावायचं आणि देवावर हवाला ठेवायचा. आमच्या घरात देवही नव्हता, त्यामुळं तोही हवाला कच्चाच.

सर आम्हाला शिकवायचे, आणि नापास झालेल्यांना रविवारी काचीगुड्याला आपल्या घरी बोलवायचे. जुन्या हैदराबादी मराठी घराण्यातले ते. तीन पिढ्या सरकारी नोकरीत आणि शाळामास्तरकीत गेलेल्या. मराठीत उर्दू इतकी मुरलेली की गणित त्यांना कधी 'सोपं' नसायचं, 'आसान' असायचं, आणि कुणी चुकीचं सूत्र लावलं की "तोबा!" म्हणून ते कानाच्या पाळ्या धरायचे. खडू ठेवायला खिसा असून ते आजोबांच्या पानाच्या चंचीत ठेवायचे. त्यामुळं फळ्यावर कधी कधी काताचा डाग उमटायचा. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण शाळेतून निवृत्त झालेली होती, तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. ही दोघं भावंडं दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची.

सरांची एक उफराटी रीत होती. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना ते 'तुम्ही' म्हणायचे. "अहो बाई, तुम्ही जरा पुढं या." "अहो साहेब, तुमचा बाण कुठं गेला?" आम्हाला वाटायचं, काय हा मान! मग कळलं, तो मान नव्हता, ती वेटिंग लिस्ट होती. ज्या दिवशी एखादा पोरगा कुणाची मदत न घेता पहिलं गणित सोडवायचा, त्या दिवसापासून तो 'तू' व्हायचा. काही जण तीन वर्षं 'तुम्ही'च राहिले आणि 'तुम्ही'च डिग्री घेऊन गेले.

मी 'तू' झाले ती त्यांच्या स्वयंपाकघरात. छताला कडी फक्त तिथंच होती, म्हणून कप्पी तिथं टांगलेली. कप्पीवरून दोरी, एका टोकाला पाच किलोचा पिठाचा डबा, दुसऱ्याला दोन किलो साखरेची पिशवी. आक्का शेगडीपाशी भाकरी करताहेत आणि आम्ही सहा जण फडताळाला टेकून उभे. सर डबा हातात धरून विचारत होते, "मी हात सोडला तर दोरीत ताण किती?" कुणी म्हणालं पाच किलोचा, कुणी म्हणालं दोनाचा, एकानं दोन्हींची बेरीज केली. मी घाबरत म्हणाले, "सर, दोन्हींच्या मधला काहीतरी असणार. पाचाएवढा असता तर पीठ पडलं नसतं, आणि दोनाएवढा असता तर साखर वर गेली नसती."

सरांनी हात सोडला. पीठ पडलं, साखर वर गेली, आक्का "अरे मेल्या!" म्हणून ओरडल्या. सर पिठानं पांढरे झालेले, माझ्याकडं बघत म्हणाले, "तू बस इथं. बाकीचे उभे राहा."

घरी जाऊन हे सांगितलं तर वडिलांना गणिताचं काही नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, "सैपाकघरात? तुला सैपाकघरात घेतेत?" मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी ते स्वतः सोडायला आले. वर यायला तयार नव्हते, रस्त्यावरच उभे राहिले. सर खाली गेले आणि हाताला धरून त्यांना वर घेऊन आले. वडिलांनी कप्पीकडं वर बघितलं, दोरी ओढून पाहिली, आणि कारागिराला दुसऱ्याच्या कामात खोट दिसावी तसं तोंड केलं.

"ही एकटी कप्पी काय कामाची, साहेब? आमच्याकडं चेन-पुली ऱ्हाती. हातभर चाक उचलायचं तर चार-पाच हात साखळी ओढावी लागती. जोर कमी, वढणं जास्ती."

सर आमच्याकडं वळले. "लिहून घ्या. मला जे सांगायला तीन तास लागतात ते यांनी एका वाक्यात सांगितलं." आणि वडिलांना म्हणाले, "बसा मास्तर." वडील शेवटपर्यंत त्या 'मास्तर'वर जगले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

शिकवायची पद्धत एकच, आणि तीत सूट नाही. गणित वाचलं की सूत्राला हात लावायचा नाही. आधी चित्र. जी वस्तू असेल ती एकटी काढायची, जमीन नाही, दोरी नाही, माणूस नाही, काही नाही. मग तिच्यावर जे जे काही जोर लावतंय त्याचा बाण, आणि प्रत्येक बाणापाशी तो लावणाऱ्याचं नाव. "बाण काढलात ना? मग देणारा सांगा. बेवारस बाण चालणार नाही." एका पोरानं वळणावरच्या बसवर बाहेरच्या दिशेला बाण काढला.

"हा कुणी दिला?"

"सर, सेंट्रिफ्यूगल फोर्स."

"हे गृहस्थ कोण? कुठं राहतात?"

सरांनी बाण पुसला. "ज्याचा पत्ता सांगता येत नाही, त्याला चित्रात जागा नाही."

घर्षणाचं गणित आलं की उदाहरणाला आक्का. बहुतेक पोरं घर्षण म्हटलं की पुस्तकातला जास्तीत जास्त आकडा धरून मोकळी व्हायची. सर म्हणायचे, "घर्षण म्हणजे आमची आक्का. पानात जेवढं लागेल तेवढंच वाढते. पातेलं भरलेलं आहे म्हणून सगळं पानात ओतत नाही. आधी विचारा, हवं किती? मग बघा, पातेल्यात तेवढं आहे का. असेल तर जेवढं हवं तेवढंच लिहा." आक्का आतून म्हणायच्या, "आणि नसलं तर?" "नसलं तर ठोकळा घसरला!" हे दोघांचं ठरलेलं होतं, दर वर्षी नव्या पोरांपुढं व्हायचं, आणि दर वर्षी दोघंही पहिल्यांदाच सुचल्यासारखी हसायची.

एकदा आम्हाला बेगम बाजारात घेऊन गेले. मिरचीच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी एक हमाल चढावर ढकलत होता. सर त्याच्या बाजूनं चालायला लागले. "बघा, हा गाडीला ढकलतो. पण याला पुढं कोण ढकलतं? याच्या पायाखालची जमीन! म्हणजे इथं घर्षण आडवं येत नाही, तेच चालवतं." आम्ही मिरचीच्या खकाण्यानं शिंकत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, वहीत काय लिहितोय ते दिसत नव्हतं. हमालानं गाडी थांबवली. "मियाँ, बाजू हो जाओ. जोर मैं लगा रहा, समझा रहे तुम." सरांनी त्याला कपाळाला हात लावून सलाम केला आणि पाठीमागून गाडीला हात दिला. चढ संपेपर्यंत आम्ही सातही जण ढकलत होतो. नंतर म्हणाले, "चित्रात आणखी सात बाण वाढले, पण देणारे माहीत आहेत, म्हणून चालतील."

त्यांच्या स्वतःच्या चुकीची गोष्ट तर कॉलेजभर सांगितली जायची. एका शुक्रवारी फळ्यावर अधिकच्या जागी वजा लिहून गेले. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात उभे राहून म्हणाले, "काल मी चुकलो. अधिक हवं होतं." हजेरी घेतली तर एक पोरगा नव्हता, सुट्टीला आईबरोबर गावी निघाला होता. सर तसेच सिकंदराबाद स्टेशनवर गेले, गाडीच्या डब्या-डब्यात डोकावून त्याला शोधला आणि खिडकीतून सांगितलं, "कालचं वजाचं चिन्ह अधिक कर." पोराच्या आईला वाटलं, घरी कुणी गेल्याची खबर आणली. आम्ही ही गोष्ट सांगून खो-खो हसायचो. आज वाटतं, या एका गोष्टीवरून त्या माणसाची उंची कळायला हवी होती, निदान मला तरी.

मी एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, आणि शहराच्या टोकाला रिंग रोडपलीकडच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लागले. काचेची इमारत, फिरती खुर्ची, दहा वर्षांत पहिल्या वर्षाच्या फिजिक्सची इन-चार्ज. सर तोवर कधीच निवृत्त झाले होते. रविवारची पोरं कमी होत होत बंद झाली. आता सगळं फोनवर दिसतं, काचीगुड्याचे दोन जिने चढतो कोण? मी एकदा दिवाळीला गेले तर सर फळा पुसत बसले होते. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी पुसत होते. आक्का हळूच म्हणाल्या, "जेवण उतरलंय त्याचं. चार पोरं समोर मिळाली ना, तर अजून दहा वर्षं जगेल हा."

मी प्राचार्यांना गळ घातली आणि सरांना गेस्ट लेक्चरर म्हणून आणलं. आठवड्यातून चार तास, पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मेकॅनिक्सची गणितं सोडवून घ्यायची. दोन बस बदलून ते यायचे, तासाच्या आधी तास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, चंचीत खडू. पहिल्या दिवशी गेटवर वॉचमनला म्हणाले, "माझी विद्यार्थिनी इथं साहेब आहे." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपण काहीतरी फेडलं असं वाटलं.

मग इंटर्नल टेस्ट झाली. त्यातला एक प्रश्न असा: गुळगुळीत फरशीवर एक मोठा ठोकळा, त्याच्यावर एक छोटा, दोघांच्या मध्ये घर्षण. खालच्याला ओढलं तर त्याचं त्वरण किती? यात खरी मेख एवढीच की वरचा ठोकळा खालच्याबरोबर जातो की मागं घसरतो, हे आधी तपासायचं. प्रश्न मी काढला होता आणि उत्तरांची किल्लीही मीच केली होती. कॉलेजात तपासणीची कमिटी यायची होती, एका कानाला फोन, समोर फायली. त्या घाईत मी घर्षणाचा जास्तीत जास्त आकडा उचलला आणि ठोकळा घसरतो असं धरून उत्तर लिहिलं, दीड. ज्या चुकीसाठी सर आक्काचं पातेलं पुढं करायचे, नेमकी तीच चूक. करणारी कोण, तर स्वयंपाकघरात बसून ते पातेलं बघितलेली मी.

सरांच्या वर्गातल्या तीन पोरांनी उत्तर दोन लिहिलं होतं. त्यांना शून्य मिळालं. पोरं पेपर घेऊन सरांकडं गेली. सरांनी त्या एका गणितावर अख्खा तास घातला. चित्र, बाण, हवं किती, आहे किती. वरचा ठोकळा घसरत नाही, दोघं बरोबर जातात, उत्तर दोन. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आन्सर-की में तो वन पॉइंट फाइव है. मार्क्स भी पोर्टल पे चढ गए. टाइम कायकू खराब कर रे?"

सर तसेच पेपर घेऊन माझ्याकडं आले. "ही किल्ली कुणी केली?"

मी म्हणाले, "डिपार्टमेंटनं."

"डिपार्टमेंट म्हणजे कोण?"

"मी केलीय, सर."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते खजील झाले. "तू केलीस? असं होय. मग माझंच काहीतरी... तरी तू एकदा नजर टाकशील का? ती तीन पोरं हुशार आहेत."

"बघितलंय सर. बरोबर आहे."

मी बघितलं नव्हतं. मार्क पोर्टलवर चढले होते. बदलायचे तर प्राचार्यांना लेखी द्यावं लागलं असतं, माझ्या नावानिशी, कमिटी यायच्या तोंडावर. मला ते नको होतं. एवढं साधं कारण होतं. याहून मोठं काही असतं तर लिहायला तरी बरं वाटलं असतं.

पुढच्या तासाला सर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "परवा मी उत्तर दोन सांगितलं. मॅडमचं उत्तर दीड आहे, म्हणजे दीडच असणार. माझी चूक कुठं झाली ते मला अजून सापडलेलं नाही. सापडली की सांगतो." पोरं हसली. एकानं फोनवर ते टिपलं आणि ग्रुपवर टाकलं. आठवड्याच्या फीडबॅकमध्ये पंचवीस-तीस जणांनी एकच लिहिलं, सरांना स्वतःलाच गणित येत नाही. प्राचार्यांनी मला बोलावलं. "आपण आणलेले गेस्ट आहेत, आपणच सांगितलेलं बरं." मी मान हलवली.

सरांना मी स्टाफरूमच्या बाहेर, पाण्याच्या कूलरपाशी सांगितलं. सरळ सांगायची हिंमत नव्हती. टाइमटेबल बदलतंय, पुढच्या सेमिस्टरला बघू, तुम्हालाही दगदग होते, असं ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाण्याचं काही नाही हो. तुम्ही फक्त एवढं सांगा, माझी चूक कुठं होती?"

मी वीस वर्षांनी पुन्हा 'तुम्ही' झाले होते. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं, याची मला खात्री आहे. तेच जास्त लागलं.

"सर, आता मीटिंग आहे," मी म्हणाले. "नंतर फोन करते."

त्याच रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते गणित घेऊन बसले. दोन मिनिटंही लागली नाहीत. माझं उत्तर खरं धरलं, तर वरचा ठोकळा खालच्याच्या दुप्पट वेगानं पुढं पळायला हवा होता. जो ओढला जातोय तो ओढणाऱ्याच्या पुढं! शेंबड्या पोरालाही कळावी अशी चूक. उत्तर दोन होतं. फोन हातात होता, नंबर समोर होता. तेवढ्यात मनात आलं, सांगितलं तर मार्क बदलावे लागतील, सरांना परत बोलवावं लागेल, का काढलं ते प्राचार्यांना सांगावं लागेल. उद्या करू म्हटलं. मग कमिटी आली. मग परीक्षा आल्या. मग इतके दिवस झाले की, आता कोणत्या तोंडानं, असं झालं. एकदा कोटीच्या बसस्टॉपवर सर उभे दिसले. माझी कॅब सिग्नलला थांबली होती. मी फोनमध्ये बघत राहिले. सात महिने मी हे असं निभावलं.

मग सर गेले. झोपेतच, हार्टनं. अंत्ययात्रेला मी सगळ्यांच्या मागं उभी होते. पंधरा दिवसांनी आक्कांचा फोन आला, "जरा येऊन जा गं, तुझ्याकडं एक काम आहे."

मी गेले. स्वयंपाकघरातली कप्पी काढलेली होती. आक्कांनी मला खुर्ची दिली, खुशाली विचारली, माझे वडील गेल्याचं पुन्हा आठवून हळहळल्या. मग कपाटातून एक कापडी पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पिशवीत कागद होते. कॅलेंडरची उलटी पानं, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू, औषधाच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं. सगळ्यांवर एकच चित्र, खाली मोठा ठोकळा, वर छोटा. प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात तारीख. कुठं एका पद्धतीनं सोडवलेलं, कुठं दुसऱ्या, एका पत्रिकेवर तर मजकुराच्या फटीफटीतून. खाली प्रत्येक ठिकाणी उत्तर दोन, आणि त्याच्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात कधी 'चूक सापडली नाही', कधी 'आजही नाही', कधी नुसतं प्रश्नचिन्ह. शेवटचा कागद ते गेले त्याच्या आदल्या दिवशीचा होता. त्यावर लिहिलं होतं, 'पुन्हा दोनच. ती म्हणते म्हणजे चूक आहे. मला दिसत नाही. आता डोकं चालत नाही बहुतेक.'

"रोज सकाळी चहा झाला की हेच," आक्का म्हणाल्या. "मी म्हणायची, तिला फोन करून विचार ना. तर म्हणायचा, नको, तिला कामं असतात, आणि मीच शिकवलेल्या पोरीला माझी चूक विचारायची म्हणजे... सापडेल म्हणायचा. शेवटी शेवटी फार घाबरला होता गं. म्हणायचा, आक्का, आयुष्यभर पोरांना असंच चुकीचं शिकवलं असेन का मी?" त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मला यातलं काही कळत नाही. तू हे घेऊन जा. बघ, आणि मला एवढं सांग, कुठं चुकत होतं त्याचं. कळलं म्हणजे माझ्या जिवाला थंड वाटेल."

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. एक लहानशी चूक आहे आक्का, वयोमानानं होतं, असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"सरांचं कुठंच चुकत नव्हतं," मी म्हणाले. "माझं चुकलं होतं. उत्तर दोनच आहे."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, खरोखरचा आनंद, लहान भावाला बक्षीस मिळाल्यासारखा. मग तो गेला.

"तुला हे कधी कळलं?"

मला वाटलं होतं की रडू येईल आणि त्यात हे उत्तर बुडून जाईल. पण रडू आलं नाही.

"त्यांनी कॉलेज सोडलं त्याच आठवड्यात. रविवारी."

माझ्या मांडीवरचे, खाली पडलेले, सगळे कागद आक्कांनी एक एक करून उचलले. तारखा बघून ते नीट लावले. घाई केली नाही. पिशवीत घालून तिचं तोंड बांधलं, आणि पिशवी छातीशी धरून त्या आतल्या खोलीत गेल्या. मला 'जा' म्हणाल्या नाहीत, 'बस'ही म्हणाल्या नाहीत. मी खुर्चीतून उठले. आतून कडी लावल्याचा आवाज आला, तेव्हा मी जिना उतरले.